शंका असली की नापास

दातारकाका कोणत्याही विजेच्या वस्तूला आधी पालथा हात लावायचे. इस्त्री असो, फ्रिज असो, पाण्याची मोटर असो. बोटं मिटून हाताची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच बोलायचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच न्हाणीघरात. धायरीतल्या एका नव्या इमारतीत मी भाड्याने राहायला आले त्या दिवशी गिझर बसवायला माणूस आला होता. दार उघडं होतं. समोरच्या फ्लॅटमधले हे गृहस्थ, अंगात पायजमा आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात पेनाच्या जागी टेस्टर, सरळ आत आले आणि गिझरला पालथा हात लावून म्हणाले, "नापास."

"काका, आत्ता बसवलाय हो," गिझरवाला वैतागला.

"म्हणूनच आत्ता सांगतोय. बाईंची अंघोळ झाल्यावर सांगून काय उपयोग?"

त्याने अर्थिंगची वायर जोडलीच नव्हती. ती जोडून होईपर्यंत काका स्टुलावर बसून राहिले. जाताना मला म्हणाले, "तळहात लावू नये कधी. करंट असला की तळहात वस्तूला धरून बसतो, पालथा हात झटकला जातो. कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, अमरावतीची. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'अमरावती' झाले. "काय अमरावती, आज कंपनीची बस चुकली वाटतं?" जिन्यात भेटले की असं. एकदा मी सवयीने "काहून?" म्हटलं, तर म्हणाले, "काहूनचं उत्तर पुण्यात मिळत नाही. इथे 'का' विचारलं तरी लोक रागावतात."

खडकीच्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. तयार माल त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यांनी पास किंवा नापास लिहायचं. "शंका असली की नापास. खात्री असली तरी एकदा बघायचं." हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडायचं. दुसरं वाक्य होतं, "माल पुढे गेला की आपला राहत नाही, सही मात्र आपलीच राहते." कुणी फार सज्जनपणे वागलं की म्हणायचे, "लॉट बघून सांगतो." निवृत्तीच्या वेळी कामगारांनी त्यांना नारळ दिला, शाल दिली नाही, हे ते अभिमानाने सांगत. इमारतीतले लोक त्यांची टिंगल करायचे आणि नवीन मिक्सर आणला की खोकं न फोडता त्यांच्याकडेच घेऊन यायचे.

मी हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, एवढंच काम. हे कळल्यावर काकांना फार आनंद झाला. "म्हणजे तुम्ही आमच्याच खात्यातल्या! सापडली चूक की काय करता?" मी सांगितलं, मोठी असली तर परत पाठवतो. लहान असली, आणि माल द्यायची तारीख आली असली, तर तिला 'नोन इश्यू' म्हणायचं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहायचं आणि माल देऊन टाकायचा.

"म्हणजे चूक माहीत आहे, तरी पास?"

"हो. कळवलेलं असतं ना त्यांना."

"वाचतात का ते पान?"

"नाही."

"पगार चांगला असेल," काका म्हणाले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहायला हवं. दोन वेळा उठून चहा करून झाला.

काकांच्या बायकोला, सुधाकाकूंना, मधुमेह होता, जुना. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती, सिंहगड रस्त्याच्या त्या टोकाला तेव्हा शेतं होती आणि डिसेंबरात थंडी हाडात शिरायची. काकूंचे पाय गार पडायचे. वाळूची पुरचुंडी झाली, दोन-दोन मोजे झाले. गरम पाण्याची पिशवी काकांनी बाद केली होती, कारण एक फुटली होती. "गोधड्या घालते अंगावर तर ओझं होतं गं, ऊब होत नाही," काकू म्हणायच्या. मी त्याच वर्षी ऑफिसच्या कामासाठी सहा आठवडे इंग्लंडला जाऊन आले होते. तिथल्या घरमालकिणीने अंथरुणात विजेचं ब्लँकेट घालून दिलं होतं. मी काकूंना मोठ्या हौसेने सांगितलं, "काकू, अंथरूणच गरम! आत शिरलं की भाकरीच्या टोपल्यात शिरल्यासारखं." काकूंच्या डोळ्यांत जे आलं ते मी अजून विसरलेली नाही. कल्पना माझीच होती.

मग आमचे रविवार सुरू झाले. काका एकटे जायचे नाहीत. "ब्लँकेट हा तुमचा विषय, वायर हा माझा." तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकानं एकाला एक लागून. माझ्या पुढे काका, टेस्टर खिशात.

"सिंगल की डबल?" दुकानदाराने विचारलं.

"आतली वायर कशी आहे ते सांगा आधी."

"काका, वायर अंगाला लागत नाही."

"तेच विचारतोय. कधी लागेल?"

"तुम्हाला ब्लँकेट घ्यायचंय की उसवून बघायचंय?"

"उसवून बघितल्यावर घ्यायचंय."

"मग उसवलेलं कोण घेणार?"

"म्हणून तर तुम्ही उसवू देत नाही." आणि आम्ही पुढच्या दुकानात.

एकाच्या बटणाला नुसतं चालू-बंद, एकाची पिन दोनच पायांची, एकाची वायर कापडातून बोटाला लागणारी. घरी आलो की काकू दारातच. "मिळालं?"

"चार पाहिली. चारही नापास."

"लग्नाच्या वेळी बरी घाई केलीत!"

"तेव्हा मी तपासणी खात्यात लागलो नव्हतो."

काकू हसायच्या, पण पाय एकावर एक घासत हसायच्या. दुसऱ्या रविवारी कॅम्पातली दुकानं झाली, तिसऱ्या रविवारी परत तपकीर गल्ली. माझी मात्र घालमेल. आठवडाभर रात्रपाळीसारखं काम, जानेवारीत प्रोजेक्ट द्यायची तारीख, अमरावतीहून आईचे स्थळांचे फोन, आणि हातातला एकुलता एक रविवार वायरी मोजण्यात चाललेला. मी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला, तो इंग्लंडहून परतत होता, तिथलंच एक आणायला सांगितलं. तिकडचा विजेचा दाब आपल्यासारखाच, त्यामुळे अडचण नव्हती. त्याने आणलं. मऊ, पिस्ता रंगाचं, तीन आकड्यांच्या बटणाचं.

त्याच्यासोबत एक घडीचं पत्रक होतं. मी टेस्टर; पत्रक न वाचता मी काडेपेटीसुद्धा वापरत नाही. सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं: ज्यांना उष्णता जाणवत नाही अशा व्यक्तींनी वापरू नये.

आणि मला चपलेची गोष्ट माहीत होती. नोव्हेंबरात मी आणि काकू भाजी घेऊन येत होतो. फाटकाशी आलो तेव्हा मी पाहिलं, काकूंच्या एका पायात चप्पल नाही. कोथिंबीरवालीकडे ती पायातून निघाली होती आणि काकू तिथून खडीवरून तशाच चालत आल्या होत्या. त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही दोघी हसून हसून कठड्यावर बसलो. "यांना सांगू नकोस हं," काकू म्हणाल्या, "नवी चप्पल घ्यायला सहा महिने लावतील." मी सांगितलं नाही. म्हणजे त्या पायांना आतून गार वाटतं पण बाहेरचं काही कळत नाही, हे घरात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं, आणि कलमही मीच वाचलं होतं. दोन्ही गोष्टी एका डोक्यात होत्या, त्या माझ्याच.

पत्रक दाखवलं असतं तर काका "नापास" म्हणाले असते. पुन्हा रविवार. पुन्हा तपकीर गल्ली. मी मनाशी म्हटलं, नोन इश्यू. लहान आहे. काकू काही अगदीच बधिर नाहीत. मी पत्रक माझ्या कपाटात ठेवलं आणि ब्लँकेट घेऊन समोर गेले.

"कागद असेल बरोबर," काका म्हणाले.

"खोक्यातच राहिला. सामानाचं वजन होत होतं म्हणून त्याने खोकं तिकडेच टाकलं."

"मग?"

"मी इंटरनेटवर वाचलंय सगळं. विशेष काही नाही."

इंटरनेट म्हटलं की त्या काळी मोठी माणसं गप्प बसायची. काकांनी चार दिवस तपासणी केली. टेस्टर लावला, पालथा हात लावला, घडी घालून, उलगडून, ताप बघायचा थर्मामीटर आत ठेवून, मनगटी घड्याळ लावून. शेवटी दोन दुपारी स्वतः त्यावर झोपून पाहिलं. "तीनवर माझे तळपाय चुरचुरले. दोनवर छान. दोन नंबर, आणि डोळा लागण्याआधी बंद." किती काळजीपूर्वक! पण तपासणी त्यांच्या पायांनी झाली, निरोगी पायांनी. मग एका कागदावर सुवाच्य अक्षरात 'पास' लिहिलं, खाली सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. "आमच्याकडे दोन सह्या लागायच्या. करा. तुम्ही वाचलंय, मी बघितलंय." मी सही केली. छान सही केली.

काकू खूश होत्या. "आजोळी निजल्यासारखं वाटतं गं." तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "दोनवर काही कळतच नाही पायांना, मी आपली तीनवर करते. सांगू नकोस यांना." हे ऐकूनही मी हसले. तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हासुद्धा वेळ होती.

संक्रांतीच्या सुमारास काकांना पलंगपोसावर डाग दिसला. काकूंच्या टाचेला मोठा फोड येऊन फुटला होता आणि त्यांना कळलं नव्हतं. डॉक्टरांकडे मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी टाचणीसारखं काहीतरी टोचत विचारलं, "लागतंय?" काकू म्हणाल्या, "कुठे?" सगळा प्रकार कळल्यावर डॉक्टर काकांवर भडकले. "अहो, तुम्ही शिकलेली माणसं! संवेदना नसलेल्या पायाला शेक? त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं हे."

"कागद आला नव्हता," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचत राहिले.

जखम चिघळली. महिन्याभरात उजव्या पायाचा पुढचा भाग काढावा लागला. काकू त्यानंतर चार वर्षं वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरल्या. मग गेल्या, मूत्रपिंडं निकामी होऊन. पायाचा आणि त्याचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी स्वतःसाठी फार वापरलंय, झिजवलंय.

ऑपरेशन झालं त्या आठवड्यात काका माझ्या दाराशी आले. हातात तो सह्यांचा कागद. माझ्या सहीवर रेघ मारली होती. "तुम्ही फक्त आणून दिलंत, अमरावती. तपासणी माझी होती. छत्तीस वर्षांत असा लॉट माझ्या हातून गेला नव्हता, घरच्याच माणसाला गेला." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "काका, असं मनाला लावून घेऊ नका." एवढंच. आत कपाट होतं, कपाटात पत्रक होतं, आमच्यात दहा पावलांचं अंतर होतं.

त्यानंतर त्यांनी तपासणं सोडलं. मिक्सर घेऊन आलेल्या माणसाला म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला दाखवा. माझं काही खरं नाही." सदऱ्याच्या खिशात टेस्टर दिसेनासा झाला. लिफ्टमधून ठिणग्या येतात म्हणून सोसायटीचे लोक बोलवायला आले तर म्हणाले, "मी जिन्याने जातो." टोमणे संपले. माणूस म्हातारा होतो तो हळूहळू होतो, काका एका हिवाळ्यात झाले.

मी लग्न करून हडपसरला गेले. मुलगी झाली, नोकऱ्या बदलल्या, स्वतःचं घर झालं. दर दिवाळीला धायरीला फराळाचा डबा घेऊन जायचे, पंधरा मिनिटं बसायचे, सारखी घड्याळ बघायचे. प्रत्येक घरबदलात ते पत्रक बरोबर नेलं. फेकलं नाही, परत वाचलंही नाही. आणि सांगितलंही नाही. आधी काकू होत्या म्हणून नाही. मग काकू गेल्या म्हणून नाही. मग इतकी वर्षं झाली म्हणून नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत गेले तर त्यांच्या टेबलावर खोक्यात एक नवा पाणी तापवायचा हीटर होता, भाच्याने पाठवलेला, आठ महिने न फोडलेला. काका ऐंशीच्या घरातले. म्हणाले, "तुम्ही जरा बघता का? मी लावून बघितला असता, पण मला माझा भरवसा वाटत नाही."

त्यांनी मला बघायला सांगितलं. मला.

पुढच्या रविवारी मी पत्रक घेऊन गेले. काही प्रस्तावना करता आली नाही. टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हे तेव्हा आलं होतं." काकांनी भिंग आणलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सहाव्या कलमाशी थांबले नाहीत, शेवटपर्यंत वाचलं, बनवणाऱ्याच्या पत्त्यासकट. मग परत सहाव्यावर आले.

"हे तुमच्याकडे केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"वाचलं होतंत?"

"हो." मग चपलेचंही सांगितलं. तीन नंबरचंही सांगितलं.

"का?"

याचं उत्तर मी वर्षानुवर्षं वेगवेगळं तयार केलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच: "रविवार जात होते, काका."

"रविवार," ते म्हणाले.

त्यांनी भिंग पुसलं, पेटीत ठेवलं. मग खुर्चीत जरा सरळ झाले, आणि त्यांचा जुना आवाज, मला वाटलं होतं तो संपला, तो आला. "म्हणजे माझी तपासणी चुकली नव्हती. माझ्यापुढे माल पुरा आला नव्हता." हे मला उद्देशून नव्हतं. मी रडायला लागले होते, त्याची त्यांनी दखल घेतली नाही. उठून दार उघडलं. "या तुम्ही आता."

पंधरा दिवसांनी माझ्या जुन्या फ्लॅटमध्ये आता भाड्याने राहणाऱ्या, दिवाळीच्या फेऱ्यांत ओळख झालेल्या मुलीचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता हसून म्हणाली, "ताई, समोरचे आजोबा काय भारी आहेत! आमचा इन्व्हर्टर त्यांनी फेल केला. लिफ्टवाल्याला तर उभाआडवा घेतला." मी फोन ठेवला आणि गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता, आणि तो कोणत्या तोंडाने घ्यायचा हे कळत नव्हतं. त्यांचा स्वतःवरचा भरवसा त्यांना परत देणं माझ्या हातात होतं, एका वाक्याने झालं असतं, आणि मी त्यांच्या आयुष्यातली सतरा-अठरा वर्षं वापरून मग तो दिला.

काका गेल्या वर्षी गेले. मला चार दिवसांनी कळलं, तेही त्या मुलीकडूनच. पत्रक दाखवल्यानंतर मी एकदाच गेले होते, पुढच्या दिवाळीला, डबा घेऊन. त्यांनी दाराची साखळी काढली नाही. फटीतून विचारलं, "काही काम होतं?"

"नाही. फराळ आणला होता."

"मला चालत नाही आता गोड."

मी वळले. तेवढ्यात म्हणाले, "एक विचारायचं होतं. हिला माहीत होतं का, कागदाचं?"

"नाही, काका. त्यांना कधीच नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "तिचा तुमच्यावर फार जीव होता."

आणि दार लावून घेतलं, आवाज न करता.